एक्स-रे स्वच्छ आहे, तरीही

हा छातीचा एक्स-रे पाहा. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. या माणसाला खोकला नाही, ताप नाही, वजनही घटलेलं नाही. तरीही त्याच्या शरीरात क्षयाचे जंतू असू शकतात. जिवंत, पण दबलेले.

हा सुप्त क्षयसंसर्ग. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना तो झालेला असावा. असा माणूस आजारी नसतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. शरीरातल्या पेशी जंतूंभोवती वेढा घालून त्यांना बारीक गाठींत कोंडून ठेवतात. या वेढ्याची सूत्रं असतात प्रतिकारशक्तीच्या सीडी-4 या पांढऱ्या रक्तपेशींकडे. एरवी हा वेढा जन्मभर टिकतो. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो.

एचआयव्ही नेमका या सीडी-4 पेशींवरच घाला घालतो. एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील, तर दोन्ही संसर्ग असलेल्या शंभरातल्या दहाच्या आसपास लोकांना एका वर्षातच क्षय होऊ शकतो. इतरांची आयुष्यभराची जोखीम यांच्या वाट्याला वर्षभरात येते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे सर्वाधिक मृत्यू आजही क्षयानेच होतात, टाळता येणाऱ्या आणि बऱ्या होणाऱ्या आजाराने. याची सवय होता कामा नये.

मग चाचणी करावी? हातावर ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूपासून काढलेलं प्रथिन, टोचतात, दोन-तीन दिवसांनी उठलेला टणक फुगवटा मोजतात. एचआयव्ही असेल तर चाचणी पॉझिटिव्ह ठरायला 5 मिलिमीटरही पुरतात. रक्ताचीही चाचणी आहे. पण या दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत. प्रतिकारशक्ती जंतूला ओळखते का, एवढंच त्या पाहतात. सीडी-4 फार घटले, की ही ओळखही पुसट होते. ज्याला धोका सर्वांत जास्त, त्याचीच चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, एचआयव्ही असलेल्यांचा प्रतिबंधक उपचार चाचणीसाठी अडवू नका. आधी चार गोष्टी विचारा. खोकला आहे? ताप येतो? वजन घटलंय? रात्री घाम येतो? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर आधी क्षयाची तपासणी. कारण अंगात क्षय असताना प्रतिबंधाचं एखाद-दुसरं औषध दिलं, तर जंतू त्या औषधालाच दाद देईनासे होऊ शकतात.

नुसत्या एआरटीने, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांनी, धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. आयव्हरी कोस्टमधल्या ‘टेम्प्रानो’ अभ्यासात आयसोनियाझिड या प्रतिबंधक औषधाच्या सहा महिन्यांच्या कोर्सने मृत्यूही घटले, सीडी-4 चांगले असलेल्यांमध्येसुद्धा. आता त्याच्या जोडीला रिफापेंटिन हे औषध आलंय. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. किंवा रोज, 28 दिवस. मात्र रिफापेंटिनचं एचआयव्हीच्या काही औषधांशी जमत नाही, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवायची.

लघवी केशरी होईल, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर घाबरून माणूस गोळ्याच सोडतो. उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे दिसले, तर मात्र गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

कोर्स संपला तरी जंतू पुन्हा शिरू शकतो. म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीत नर्सचा पहिला प्रश्न तोच असतो. खोकला आहे?