पाळीवरून फिरताना

श्रोतेहो, नमस्कार. मी नवेगाव बांधची. गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका, सात बहिणींच्या डोंगरांच्या कुशीतला आमचा तलाव आणि त्याच्या काठचं हे गाव. शाळेतली नोकरी संपल्यापासून रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर फिरते. काल फिरताना जे पाहिलं आणि ऐकलं, तेच आज सांगणार आहे.

मार्गशीर्ष निम्मा सरलाय. पहाटे दार उघडलं की तोंडातून वाफ निघते. गल्लीच्या तोंडाशी तणस पेटवून चार म्हातारे शेकत बसले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "कोटी चाल्ल्या बाई, सकारी सकारी?" रोज हाच प्रश्न असतो आणि माझं उत्तरही रोजचंच, "पाळीवर जी." तरी तो विचारतो, आणि विचारलं नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

पाळीवर चढले तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. सगळं धुकं. नुसते आवाज येत होते, वारकरी पाखरांचे आणि लांबून चक्रवाकाच्या जोडीचे. ऊन वर आलं तसं धुकं पाण्यावरून हळूहळू उठलं आणि अकरा चौरस किलोमीटरचा तलाव तुकड्यातुकड्याने समोर आला. आधी काठचं कमळ, मग एक डोंगा म्हणजे छोटी होडी, मग पलीकडचा डोंगर. तलवार बदकांचा थवा मधोमध बसला होता. हे पाहुणे थेट उत्तरेकडून हिमालय ओलांडून येतात. पूर्वी इथे सारसही होते. आता ते गोंदियाकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत दिसतात, आणि तेही मोजकेच. पाळीवर उभी राहिले की अजून माझा कान त्या हाकेसाठी टवकारतो.

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी आणि ऊस पिकवणारी जात. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असं चांद्याच्या गोंड राजांचं धोरण होतं म्हणतात. म्हणून तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हजारोंनी तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी झाली. दोन उंचवट्यांमध्ये मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला सलंग ठेवायची आणि शेताला पाणी सोडायला तुडूम बसवायचं. पायऱ्यापायऱ्यांची भोकं असलेलं ते तुडूम मी मुलांना दाखवायला नेत असे. पाणी जसजसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. यंत्र नाही, वीज नाही, तरी पाणी मोजून मिळतं. गणिताचा तो धडा मला फळ्यावर कधीच इतका चांगला शिकवता आला नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत गेली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा’ झालं, म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. मालगुजारी गेली ते बरंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्यासोबत उन्हाळ्यात गावाने मिळून गाळ काढायचा, पाळीला माती चढवायची, तो रिवाजही गेला. हक्क सगळ्यांचा राहिला आणि काम कुणाचंच राहिलं नाही. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, शंभर हेक्टरपर्यंत जमीन भिजवणारे जिल्हा परिषदेकडे. गाळ मात्र जागच्या जागी साचत राहिला, त्यात बेशरम माजली. बेशरम ठाऊक आहे ना, गुलाबी फुलांची, कापली तरी पुन्हा फुटणारी? जिथे ती दाटते तिथे मासा अंडी घालत नाही आणि पाखरू उतरत नाही.

मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात काल हाच विषय निघाला. जाळं विणत बसलेली एक मावशी म्हणाली, "औंदा मरळ दिसली काय बाई तुमाले बाजारात?" नव्हती दिसली. रोहू, कतला सोडतात, ते वाढतात आणि विकले जातात. पण मरळ, शिंगूर हे इथले मासे. त्यांना पाण्यातलं गवत लागतं. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत ढिवर बायांनी आणि पोरांनी तलावात उतरून बेशरम मुळासकट उपटली आहे आणि पावसाआधी तळ नांगरून चिऊल, गाद, देवधान अशा पाणवनस्पती लावल्या आहेत. झाडं लावणारे मी पुष्कळ पाहिले, पण पाण्याखाली गवत लावणारी माणसं इथेच पाहिली. या उन्हाळ्यात जवळच्या बोडीत हे काम करायचं आमच्या मोहल्ल्यातल्या बायांच्या मनात आहे. मावशी म्हणाली, "तुमी बी या." मी जाणार आहे. गुडघे दुखतात, पण काठावर बसून रोपं वेगळी करून देता येतील.

त्याच बोडीवर शिंगाडा काढणं चालू होतं. कमरेएवढ्या गार पाण्यात माणूस डोंगा पुढे ढकलत वेल उचलतो, फळ तोडतो. शिंगाड्याचे काटे हातात मोडतात. रेल्वेच्या फलाटावर उकडलेला शिंगाडा विकत घेताना त्या हातांकडे कुणी पाहत नाही. मला मूठभर ओले शिंगाडे मिळाले. पैसे देऊ लागले तर त्याने हात मागे घेतला. शाळेत माझ्यासमोर बसलेला पोरगा तो.

बाकीची खबर थोडक्यात. बऱ्याच घरी धानाची चुरणी म्हणजे मळणी झाली, काहींचे पुंजणे, कापलेल्या धानाचे ढीग, अजून बांधीतच उभे आहेत. उरलेल्या ओलीवर लाखोळी हिरवी झाली आहे. साध्या धानाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता, पण एका खरेदी केंद्रावर बारदान्यासाठी लोक दोन-दोन दिवस ट्रॅक्टर उभे करून बसले होते. रात्री थंडीत आपल्याच धानाची राखण करायची, हे बरं नाही. ज्यांच्या हाती आहे त्यांनी लवकर पाहावं. हत्तींची यंदा या बाजूला काही वार्ता नाही. २०२२ मध्ये ओडिशाकडचा तो कळप गडचिरोलीतून आमच्या तालुक्यात आला, तेव्हाच्या रात्री कुणी विसरलेलं नाही. गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतली बरीच मंडळी मात्र नेहमीप्रमाणे स्वेटर विकायला शहरांमध्ये गेली आहेत. १९७२ पासूनचे आमचे शेजारी ते. थंडी पडली की त्यांचा हंगाम, तसा आमचा नाटकांचा.

काल रात्री गावात नाटक होतं. भाऊबीजेनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरू लागली की झाडीपट्टीत, आमच्या या पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. गडचिरोलीतलं वडसा हे त्यांचं ठाणं, मंडळी तिथूनच येतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला घरच्याच माणसाचा मान झाल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मान्यता दिली, त्यामुळे शंकरपटही निर्धास्त भरू लागले. पट असला की रात्री नाटक असणारच. ज्या घरी पाहुणे आले नाहीत असं घर त्या दिवशी सापडायचं नाही, आणि लेकींची स्थळंही तिथेच जमतात.

रात्री दहा वाजता बाया चादरी, दुपट्टे आणि झोपलेली लेकरं खांद्यावर घेऊन निघाल्या. मावशीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिच्या पदरात पोपटाच्या शेंगांचे भाजलेले दाणे होते, माझ्याकडे शिंगाडे. पहाटे चारला मी उठले, कारण थंडी सोसवेना. घराकडे वळायचं सोडून पाय आपसूक पाळीकडे गेले. मागे ऑर्गन वाजत होता, नायिका गात होती, आणि तो सूर पाण्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत जाऊन परत येत होता. मधोमध बसलेली बदकं काही उडाली नाहीत.