वजिरांविना नवव्या चालीपासून

२००० सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडन येथे सुरू झालेल्या बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत, अगदी पहिल्या डावात, गॅरी कास्पारॉव्हच्या पांढऱ्या मोहऱ्यांपुढे व्लादिमीर क्रामनिकने रुय लोपेझ या डावाच्या सुरुवातीतील बर्लिन बचाव ही काळ्याची पद्धत मांडली आणि आठव्या चालीला दोन्ही वजीर पटावरून गेले. पांढरा वजीर काळ्या राजालाच मारावा लागल्याने काळ्याचा कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करण्याचा, हक्क संपला, शिवाय ‘सी’ पट्टीवर (पटाच्या ए ते एच या उभ्या पट्ट्यांपैकी तिसरीवर) त्याची दोन प्यादी एकामागे एक उभी राहिली.

ही स्थिती तोलण्यासाठी राजे आणि प्यादी तेवढी ठेवून बाकीची मोहरी मनातल्या मनात उचलून पाहावीत. मग पांढऱ्याचा विजय दिसू लागतो. राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी काळ्याच्या तीन प्याद्यांसमोर असल्याने त्यांतले एक मोकळे होऊन पुढे सरकू शकते, तर वजिराच्या बाजूचे काळ्याचे चारास तीन हे आधिक्य दुहेरी प्याद्यांमुळे वांझ राहते.

परंतु मोहरी अजून पटावरच आहेत, आणि मूल्यमापनाचा खरा कस येथे लागतो. पांढऱ्याने पांढऱ्या घरांवरचा उंट घोड्याच्या बदल्यात दिलेला असल्यामुळे काळ्याच्या त्याच रंगाच्या घरांवरच्या उंटाला प्रतिस्पर्धी उरलेला नाही. ई-५ वरचे, म्हणजे ‘ई’ पट्टीच्या पाचव्या घरातले, पांढरे प्यादे जागा मिळवून देते खरे, पण तेच स्वतःच्या उंटाच्या आड येते आणि एफ-५ व ई-६ ही घरे काळ्याच्या मोहऱ्यांना ठाण मांडायला मोकळी सोडते. म्हणूनच प्रत्येक मारामारीपूर्वी कोणते मोहरे जाते आणि कोणते उरते हे पाहावे लागते. विरुद्ध रंगांच्या घरांवरचे उंट उरले, तर एका प्याद्याचे आधिक्यही बहुधा पुरत नाही.

वजीर गेले म्हणजे डावाचा अंतिम टप्पा आला, असे मानणे मला येथील सर्वांत महागडी चूक वाटते. दोन्ही बाजूंना दोन-दोन हत्ती आणि तीन-तीन हलकी मोहरी (उंट आणि घोडे) शिल्लक आहेत, आणि मध्यभागी अडकलेला काळा राजा स्वतःच्या हत्तींना एकमेकांशी जोडू देत नाही. त्यामुळे काळा अनेकदा ‘एच’ पट्टीवरचे प्यादे दोन घरे पुढे ढकलतो. कोपऱ्यातल्या हत्तीला वाट मिळते आणि एफ-५ वरच्या घोड्याला हुसकावणारी पांढऱ्याची जी-४ ही चालही अवघड होते.

लंडनमध्ये ही वजीरविरहित स्थिती चार डावांत पटावर आली आणि चारही डाव बरोबरीत सुटले. १९८५ पासून विश्वविजेता असलेला कास्पारॉव्ह एकही डाव न जिंकता ६.५ विरुद्ध ८.५ असा पराभूत झाला.