चहाचा डबा आणि मशीनगनची बैठक

पत्रिकेवर माझा विषय ‘ध्रुवित प्रकाशातून पेशीविभाजन’ असा छापलाय. तो वाचूनही इतकी मंडळी आली, याचं श्रेय मी बाहेरच्या पावसाला देतो.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक कापलेलं आहे. ते आम्लात गरम करायचं, ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवायचं, कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा, आणि मग सर विचारणार, ‘दिसली का ॲनाफेज?’ म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे निघालेली ती अवस्था. आपण ‘हो सर’ म्हणायचं. दिसो न दिसो. पण त्या सगळ्या पेशी मेलेल्या होत्या, हे आपल्याला कुणी ठासून सांगितलं नाही. गुणसूत्रांना ओढणारे ते दोरे, पाठ्यपुस्तकातले तुर्कतंतू, जिवंत पेशीत खरोखर असतात की आम्लानं प्रथिनं साकळल्यामुळे उमटतात, यावर 1950पर्यंत मोठमोठे लोक भांडत होते. भांडण मिटवायचं तर पेशीला न मारता आत बघायला हवं. ते ज्यानं केलं तो जपानी जीवशास्त्रज्ञ शिन्या इनोउए.

जन्म 1921चा, लंडनमध्ये. वडील जपानी राजनैतिक अधिकारी. तोक्योच्या मुसाशी हायस्कुलात त्याला शिकवायला होते कात्सुमा दान. दान अमेरिकेत शिकलेले, पत्नी जीन क्लार्क अमेरिकन. या जीनबाईंवर खरं तर वेगळं व्याख्यान द्यायला हवं. शुक्रपेशी अंड्यापाशी पोचते तेव्हा तिच्या टोकाशी काय घडतं, ती ॲक्रोसोम अभिक्रिया त्यांनी फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपनं, म्हणजे पारदर्शक पेशी न रंगवता दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपनं, शोधली. म्हणजे पुन्हा प्रकाशच. असो.

दान यांची ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगितली आहे, तुम्हीही सुटणार नाही. मिसाकीला तोक्यो विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र होतं. युद्धात जपानी नौदलानं ते घेतलं आणि तिथे छोट्या पाणबुड्यांचा तळ केला. 1945मध्ये जपान शरण गेला, अमेरिकन सैन्य येणार हे ठरलं. आता शत्रूचा तळ म्हटल्यावर ते काय ठेवतात! दान यांनी ब्रश घेतला आणि इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दारावर लावली. मजकूर साधारण असा, की हे साठ वर्षांहून जुनं सागरी केंद्र आहे. तुम्ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचे असाल तर तिथलं वुड्स होलचं सागरी केंद्र तुम्हाला ठाऊक असेल, ही तसलीच जागा आहे. शस्त्रं खुशाल मोडा, पण उपकरणं जपानी विद्यार्थ्यांसाठी राहू द्या. तुमचं काम आटोपलं की विद्यापीठाला कळवा, आम्हाला घरी परत येऊ द्या. खाली सही नाही, फक्त ‘सगळ्यात शेवटी निघालेला’. बरं, विनवणी आहे, पण तीत लाचारी कुठे आहे? सैनिकांनी ती फाडली नाही. ती वुड्स होलला पोचली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दान यांच्या हाती केंद्र परत आलं.

त्याच मिसाकीत इनोउएनं आपला मायक्रोस्कोप उभा केला. पायाला टाकून दिलेल्या मशीनगनची बैठक, पाऱ्याच्या दिव्याला झाकण म्हणून चहाचा डबा. माणूस प्रयोगशाळेत जातो आणि तिथलं यंत्र वापरतो असं नव्हतंच. आधी यंत्र, मग प्रश्न, मग पुन्हा नवं यंत्र. त्याची अख्खी कारकीर्द म्हणजे एकामागून एक मायक्रोस्कोप.

इथे मला आमच्या कॉलेजचं सांगायलाच हवं. नाव घेत नाही, निवृत्तिवेतन चालू आहे. आमच्याकडे एक उत्तम परदेशी मायक्रोस्कोप होता. तो कपाटात. कपाटाची किल्ली प्रयोगशाळा सहायकाकडे, आणि सहायक निवडणूक ड्यूटीवर. कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅक समिती यायची त्या दिवशी तो बाहेर निघायचा, हळदीकुंकू व्हायचंच काय ते बाकी. एका पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढली. मी म्हटलं, उघडतो. तर म्हणे सील तोडलं की हमी संपते! हमीची मुदत कधीच उलटली होती, पण सील शाबूत होतं, आणि ऑडिटला सील लागतं. शेवटी मुंबईहून एक इंजिनिअर आला. त्यानं फुंकर मारली, पुसलं, चहा घेतला आणि माझ्या महिन्याच्या पगाराहून मोठं बिल ठेवून गेला. विद्यार्थ्यांनी तो मायक्रोस्कोप आतून बघितलाच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला स्क्रू फिरवायची परवानगी नाही त्याच्याकडून इनोउए होण्याची अपेक्षा करू नका.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली. म्हणजे मूळ विषय आत्ता सुरू होतोय.

पोलरायझर म्हणजे प्रकाशलहरींना एकाच दिशेत डोलू देणारी चाळणी, आणि तिच्यातून निघालेला तो ध्रुवित प्रकाश. असे दोन पोलरायझर काटकोनात ठेवले की अंधार होतो. मधल्या पदार्थात रेणू एका दिशेनं रांगेत उभे असतील, तर तेवढाच भाग उजळतो. रंग नको, आम्ल नको. अडचण अशी, की पेशीतला हा परिणाम जेमतेम नॅनोमीटरच्या मापाचा, आणि भिंगाच्या काचेत जरा ताण राहिला तर काचच त्याहून जास्त चमकते. म्हणून भिंगं पारखून घेणं, दिवा प्रखर करणं, हे सगळं हातानं. 1948मध्ये इनोउए अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात गेला, तिथे आणखी चांगलं यंत्र केलं, आणि किटॉप्टेरस या समुद्री कृमीच्या जिवंत अंड्यांत आणि लिलीच्या पेशींत तंतू दाखवले. 1953मध्ये निबंध छापून आला, वाद संपला.

खरी गंमत पुढेच आहे. अंडं थंड केलं की तंतू विरघळतात, उबेत परत येतात. कोल्चिसिन हे वनस्पतीतलं विष दिलं तरी विरतात. म्हणजे तंतू हा कायमचा दोर नव्हे. दिंडीत माणसं येत-जात राहतात आणि दिंडी चालतच राहते, तसे त्यातले रेणू सतत जोडले आणि सुटे होतात. आणि या जोडण्या-सुटण्यातूनच गुणसूत्रं हलवण्याचं बळ मिळतं, असं त्यानं सहकारी हिदेमी सातो यांच्याबरोबर 1967मध्ये मांडलं. दरम्यान 1963मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतल्या अतिबारीक पोकळ नळ्या, दाखवल्या होत्या, ते तंतू त्यांचेच बनलेले. 1980च्या दशकात त्यानं मायक्रोस्कोपला व्हिडिओ कॅमेरा जोडला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲलन स्वतंत्रपणे तेच करत होते. या तंत्रानं 25 नॅनोमीटर जाडीची एकेक नलिका जिवंत दिसू लागली. ते कसं, हे फळ्यावर काढल्याशिवाय सांगता येणार नाही आणि फळा नाही. 2019मध्ये, 98व्या वर्षी तो गेला.

एवढं सांगून थांबतो. तुमच्या दारातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन याच नलिका बनू देत नाही, म्हणून ते रक्ताच्या कर्करोगावर देतात. आणि ते कोल्चिसिन पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतही असतं. मात्र उद्या कुणी तिचा कंद उकरून घरी प्रयोग करू नका, जीवघेणा विषारी असतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, डबा मी घेऊन येतो.