घोड्यावर बसून बघायची कडाबीन

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी काही इतिहासकार नाही, जुन्या हत्यारांचा नाद लागलेला माणूस आहे, आणि आमच्या घरात या नादाला 'भंगार' म्हणतात.

कडाबीन हा शब्द जुन्या मंडळींनी ऐकला असेल, ती म्हणजे आजची कार्बाइन, घोडेस्वाराची आखूड बंदूक. आता आखूड का, तर घोड्यामुळे. आणि मला आज एवढंच सांगायचंय की या बंदुकीचा जो भाग तुम्हाला विचित्र वाटेल ना, त्याचं उत्तर घोड्यावर बसल्याशिवाय सापडत नाही.

तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीची बंदूक घोड्यावर म्हणजे डोक्याला ताप, एका हातात लगाम, दुसऱ्यात बंदूक, आणि वर तो पेटता तोडा सांभाळायचा, पाऊस आला की संपलं. चकमकीच्या बंदुकीत तोडा गेला. घोड्याच्या (बंदुकीच्या घोड्याच्या, हा घोळ आज सारखा होणार) जबड्यात गारगोटी, ती पोलादी पट्टीवर आदळते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकीत, म्हणजे पेट घेणाऱ्या दारूत पडतात, तिथून कानावाटे, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आग नळीत. पायदळाची इंडिया पॅटर्न ब्राउन बेस बघा, नुसती नळीच ३९ इंच. इंग्रजांच्या लाइट ड्रॅगून्ससाठी, म्हणजे हलक्या घोडदळासाठी, १७७३च्या सुमारास एलियट पॅटर्न आला, नळी २८ इंच. आणि नेपोलियनच्या लढायांच्या काळात आली पॅजेट, नळी फक्त १६ इंच! जवळजवळ मोठं पिस्तूलच म्हणा. हे लॉर्ड पॅजेट म्हणजे वॉटर्लूला १८१५ मध्ये ज्यांचा पाय गेला तेच, तो पाय तिथंच एका बागेत पुरला आणि लोक तो 'बघायला' यायचे, असो.

पॅजेटचा दारू-गोळी ठासायचा गज बघा. सुटा नाही, तोंडाशी एका बिजागरीला अडकवलेला. दौडत्या घोड्यावर ठासताना हातातून गज निसटला की तो मागच्या स्वारांच्या टापांखाली, आणि गज नाही म्हणजे बंदूक म्हणजे दांडकं. डाव्या अंगाला लोखंडी पट्टी आणि त्यात सरकणारी कडी, ती खांद्यावरच्या पट्ट्याच्या हुकात अडकायची. मग कडाबीन उजव्या मांडीशी लटकायची, तोंड खाली करून. तोंड खाली म्हटल्यावर गोळी नीट ठासलेली नसेल तर गचके खाऊन बाहेरच यायची की!

खरं सांगायचं तर लढाईत ही फार चालायची नाही. आपल्याच जालना जिल्ह्यातलं असई घ्या, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर १९वी लाइट ड्रॅगून्स चालून गेली ती तलवारी उपसून. कडाबीन पहाऱ्याला, टेहळणीला, चकमकीत चार बार काढायला. म्हणून मला ती शौर्याची वस्तू वाटत नाही, रात्रीच्या थंडीत चौकीवर कंटाळलेल्या शिपायाची वस्तू वाटते, आणि त्यामुळेच आवडते.

आता जमवण्याचं. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट आहे, चालू शकेल अशी जुनी बंदूक सुद्धा बंदूकच, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी धाडता येत नाही. म्हणून माझ्याकडे आहे ते फक्त एक लॉक, म्हणजे घोडा-वाटी बसवलेली लोखंडी पट्टी. अख्खी पॅजेट हातात घेतली ती लेस्टरला मुलीकडे गेलो तेव्हा, एका लिलावात, आणि परत ठेवताना जिवावर आलं.

लॉकवर ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह बघायचं. १८०८ पर्यंत बदाम, त्यात चार घरं आणि व्ही, ई, आय, सी, वर इंग्रजी चाराचा आकडा, नंतर मुकुट धरलेला सिंह. खैबरकडच्या नकलांमध्ये अक्षरं चक्क उलटी असतात, कारण ठोकणाऱ्याला इंग्रजी वाचता यायचं नाही, तो नक्षी म्हणून ठोकायचा. हे सोपं. अवघड म्हणजे १८४०च्या आसपास टोपीच्या चापाची (गारगोटीऐवजी स्फोटक टोपीवर उडणारी) झालेली बंदूक पुन्हा चकमकीची करून चढ्या भावानं विकलेली. तिथं चिन्ह अस्सलच असतं! मग पट्टी खोलून आतून बघायची, बुजवलेली स्क्रूची भोकं दिसतात का. आणि कानाभोवती रंजकीनं खाल्लेले बारीक खड्डे, नळी जुनी आणि कान गुळगुळीत तर काहीतरी शिजलंय. मी पहिल्या खेपेला हे न बघता पैसे मोजले, त्याबद्दल जास्त विचारू नका.

आणि कृपा करून घासू नका. आमच्या एका काकांनी लॉकच्या मागची पितळी पट्टी चिंच-राख लावून अशी लख्ख केली की तिच्यावर कोरलेला नंबरच गेला. तो नंबर म्हणजे ती कुठल्या स्वाराची, एवढा एकच पुरावा होता.

हे लॉक आता पहिल्या रांगेपासून फिरवतो. हातात घ्या, वजन बघा, फक्त घोडा पाडू नका, गारगोटी नाहीये त्यात, दोनशे वर्षांची स्प्रिंग आहे, मोडली तर बसवणारा कारागीर मला अजून सापडलेला नाही.