पहिली एअर रायफल : नावाआधी काय पारखायचं

मंडळी, पाल्याला नेमबाजीत घातलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, रायफल कोणत्या कंपनीची घ्यायची? कंपन्यांकडे येऊच. पण रायफलकडून काय हवं, ते टार्गेटच सांगतं.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका 0.5 मिलिमीटरचा, छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छऱ्याची कड ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून 2.5 मिलिमीटरच्या आत हवा. हल्ली पात्रता फेरीतही दशांशात गुण मोजतात, 10.5 हवे असतील तर 1.25 मिलिमीटरच्या आत. रायफलच छर्रे इकडेतिकडे टाकत असेल, तर चूक हाताची की नळीची, हे प्रशिक्षकालाही सांगता येत नाही. स्वस्त रायफलीचं खरं नुकसान हे आहे. मूल स्वतःची नसलेली चूक दुरुस्त करत बसतं.

स्प्रिंगची रायफल आणि हवेच्या सिलिंडरची, म्हणजे पीसीपी, हा पहिला फरक. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून सुटायच्या आतच रायफल हलते. त्यामुळे पकड जरा बदलली तरी नेम बदलतो. फाइनवेर्कबाऊच्या जुन्या 300 एसमध्ये झाडताना वरचा सगळा भाग रुळांवर मागे सरकतो, स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दांडा, जागेवर राहतो. म्हणून स्प्रिंगची असूनही ती अचूक. साधी मोडनळी, म्हणजे नळी वाकवून भरायची, रायफल सुरुवातीच्या काही महिन्यांच्या सरावाला ठीक. पीप साइटच्या, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायच्या, स्पर्धांसाठी पीसीपीच घ्या.

नावांचं म्हणाल, तर फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आनशुट्झ, स्टायर यांच्या नळ्यांबद्दल शंका नको, पण नव्या रायफली बजेटबाहेर. मग दोन वाटा उरतात. एक, प्रिसिहोलसारखी देशी रायफल. दुसरी, वाल्थर एलजी 300 किंवा फाइनवेर्कबाऊ पी 70 अशी वापरलेली जर्मन. देशी रायफलीचा मोठा फायदा सुट्या भागांचा. स्पर्धा आठवड्यावर असताना सील फाटलं, तर ते परदेशातून येईपर्यंत थांबता येत नाही. जुन्या जर्मन रायफलीत मात्र सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. कंपन्या साधारण 10 वर्षं वापर सांगतात, आणि मुदत सांभाळण्याची जबाबदारी नियमाप्रमाणे खेळाडूची. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

आता रेग्युलेटर. कमी किमतीच्या पीसीपीत पहिली तक्रार इथूनच येते. सिलिंडरमधली 200 बारची हवा तो ठरावीक दाबावर आणतो. त्याच्या आतली हवा अडवणारी सीट झिजली किंवा कचरा अडकला, तर दाब हळूहळू चढत राहतो. परीक्षा सोपी आहे. क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, 10 छर्रे झाडा, 10 मिनिटं रायफल तशीच ठेवा, मग अकरावा झाडा. वेग साधारण 170 मीटर प्रतिसेकंद असतो. दहांमधला फरक 2-3 मीटरचा असेल तर उत्तम. अकरावा एकदम 5 मीटरने वाढला, तर दोष रेग्युलेटरचा. 5 मीटरच्या फरकाने छर्रा जवळजवळ 1 मिलिमीटर वर-खाली जातो, आणि दशांशाची एक पायरी 0.25 मिलिमीटरची. हिशेब तुम्हीच करा.

गळती तपासताना घाई नको. भरताना सिलिंडर तापतो. 10 अंश थंड झाला की 200 बारचे 193 होतात. ती गळती नव्हे. निवल्यावर आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. काटा उतरला असेल तर सांध्यांना साबणाचा फेस लावा. ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्याला, फक्त सिलिकॉन ग्रीस. साधं तेल जास्त दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नका.

मुंबई-कोकणात हातपंपाने भरणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावं. दमट हवेतलं पाणी आत जातं आणि रेग्युलेटरच्या स्प्रिंग-चकत्या गंजतात. पंपाला सिलिका जेलची नळी लावा, दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. लाकडी स्टॉकही फुगतो, स्क्रूचा ताण बदलतो आणि नेम सरकतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी स्क्रू टॉर्क-पान्याने, पुस्तिकेतल्या मापावर आवळा.

पीप साइट हाताने हलवून बघा. पुढची आणि मागची साइट यांच्यात 70 सेंटिमीटर अंतर असेल, तर मागच्या साइटमधली 0.1 मिलिमीटरची ढिलाई टार्गेटवर 1.4 मिलिमीटर होते. स्वस्त रायफलीवर बदलायचा पहिला भाग साइटच. ट्रिगर हलका करण्यासाठी सीअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा खटका, घासून देणारे कारागीर भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. वरचा कडक केलेला थर गेला की सीअर झपाट्याने झिजतो आणि रायफल आपोआप सुटू शकते.

छऱ्यांचं शेवटी सांगतो, पण खर्च करण्याआधी करून बघण्यासारखं हेच आहे. चपट्या डोक्याचे, 0.53 ग्रॅमच्या आसपासचे छर्रे घ्या. डोक्याचं माप 4.49, 4.50, 4.51 असं डब्यावर असतं. रायफल घट्ट पकडीत बसवून प्रत्येक मापाचे दहा-दहा झाडा. दहाही छर्रे मिळून जेमतेम एका छऱ्याएवढं भोक पाडतील ते माप तुमच्या नळीचं. त्याच बॅचचे वर्षभराचे डबे एकदम घ्या. बॅच बदलली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.