पित्त, नंबर आणि अर्धशिशी

[दृश्य: गुजरी, कोल्हापुरातली सराफांची पेठ, संध्याकाळ. एका पेढीची माडी. कारागीर मांडी घालून बसलाय.]

कोल्हापुरी साज घडताना बघायचा तर खाली काचेच्या कपाटापाशी थांबून चालत नाही, अरुंद जिना चढून माडीवर जावं लागतं. डोक्यावर ट्यूबलाइट, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. मासा, कमळ, कासव, सगळी पानं नखाएवढी. त्यांची कडी झाळताना कारागीर श्वास रोखून धरतो आणि पापणीसुद्धा हलवत नाही.

"सकाळी काय नसतंय ओ," तो सांगतो. "दिवेलागणीला कपाळ जड होतंय. भुवयांच्या वर, दोन्हीकडं. सुट्टीदिवशी काय नाही."

डोळ्यांच्या ताणामुळं होणारी डोकेदुखी बहुतेक अशीच असते. कामाबरोबर चढते, आरामात उतरते, उलट्या करायला लावत नाही. जवळचं बघायला डोळ्यातला एक स्नायू आवळला जातो, त्यानं डोळ्याच्या आतलं भिंग फुगतं आणि दोन्ही डोळे नाकाकडं वळतात. हे भिंग वयाबरोबर कडक होत जातं, चाळिशीनंतर ते जाणवायला लागतं. त्यात दूरदृष्टीचा किंवा तिरका नंबर अंगावर काढलेला असला तर दिवसभराची ओढाताण कपाळावर येते. पापण्या कमी मिटल्यानं डोळे कोरडे पडतात, ते वेगळंच.

इथं चष्मा कामाला येतो, पण नीट काढलेला. वाचायचा चष्मा साधारण 40 सेंटीमीटर अंतर धरून देतात. हुपरीत चांदीचे दागिने घडवणारा किंवा गुजरीत सोनं झाळणारा माणूस त्याहून बराच जवळ वाकलेला असतो. नंबर काढताना "मी इतक्या जवळून काम करतो" हे हात धरून दाखवावं. दुकानदार आपणहून विचारेलच असं नाही.

चष्म्याचं राज्य इथं संपतं.

[दृश्य: राजारामपुरीतलं एक घर. पडदे ओढलेले.]

या बाईंचं दुखणं निराळं: अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. त्या शाळेत शिकवतात. महिन्यातून दोन-तीनदा डोक्याची एकच बाजू ठणकते, डोळ्याच्या मागून कुणी रेटतंय असं वाटतं. उजेड सोसत नाही, फोडणीचा वास तर नकोच. घरातल्या थोरल्यांचं निदान ठरलेलं: पित्त उठलंय. उलटी झाली, झोप लागली, बरं वाटलं, म्हणजे पित्तच! अर्धशिशीत उलटीनंतर पुष्कळांना खरोखर उतार पडतो, त्यामुळं हे निदान पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

मग कुणीतरी म्हणतं, "नंबर काढून बघूया की." निघतो पाव नंबर. चष्मा येतो, दुखणं तिथंच. पाव नंबराच्या माथी अर्धशिशी मारायची आपल्याकडं सवयच आहे.

डोळ्यामागं दुखतं ते डोळा बिघडलाय म्हणून नव्हे. डोळा, कपाळ आणि मेंदूवरचं आवरण यांच्या वेदना एकाच मज्जातंतूच्या शाखेतून जातात. अर्धशिशीत ठिणगी पडते ती त्या आवरणाच्या रक्तवाहिन्यांभोवती, कळ मात्र डोळ्यात जाणवते.

एके दिवशी फळ्यावर लिहिताना बाईंना अक्षराचा मधलाच भाग दिसेना. ठिपका मोठा झाला, कडेला करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ उमटली आणि हळूहळू बाहेर सरकत गेली. वीसेक मिनिटांत सगळं साफ. त्यानंतर डोकं ठणकायला लागलं. त्यांना वाटलं, दृष्टी चालली.

[दृश्य: चमचमत्या रेघेचं रेखाटन, हळूहळू पसरणारं.]

ही रेघ 1870 साली ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःला दिसली तशी काढून ठेवली. त्यांचे वडील जॉर्ज एअरी खगोलशास्त्रज्ञ, त्यांनाही ती दिसायची. 1941 मध्ये कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञांनी आपल्याला दिसणारा ठिपका किती वेगानं वाढतो ते कागदावर मांडलं आणि हिशेब केला: मेंदूच्या दृष्टी-भागावरून काहीतरी मिनिटाला 3 मिलिमीटर वेगानं सरकत असावं. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडेस लिआव यांना सशाच्या मेंदूवर तशीच संथ लाट सापडली. मागं पेशी शांत करत जाणारी. कवटीला हात न लावता केलेला लॅशलींचा तो हिशेब वाचून मी तरी थक्क झालो.

म्हणजे रेघ उमटते मेंदूत, डोळ्यात नाही. पडताळा घरी घेता येतो: एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा रेघ दिसली तर उगम बहुधा मेंदूत. एकाच डोळ्यानं अंधार आला, पडदा ओढल्यागत झालं, तर अर्धशिशी म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. रेघ आयुष्यात पहिल्यांदाच दिसली तरीही दाखवून घ्यावं. अशा रेघा दिसणाऱ्या बाईनं गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगावंच, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

उजेडाचं कोडंही असंच. 2010 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अर्धशिशी असलेले 20 अंध रुग्ण तपासले. ज्यांना उजेडाची चाहूलही लागत नव्हती, त्यांचं डोकं उजेडानं वाढत नव्हतं. ज्यांना आकार दिसत नव्हते पण उजेड कळत होता, त्यांचं वाढत होतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या काही खास पेशी बघण्याचं काम फारसं करत नाहीत, नुसता उजेड मोजतात. त्यांचा निरोप मेंदूत वेदनेच्याच वाटेला जाऊन मिळतो.

आता खऱ्या घाईची गोष्ट. काचबिंदूचा एक प्रकार अचानक येतो. डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होते, दाब चढतो. डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, आणि घरचे पुन्हा पित्तावर येतात. पण इथं डोळा लाल असतो, नजर धूसर होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. गंमत म्हणजे अर्धशिशीला बरा वाटणारा अंधार इथं घातक: अंधारात बाहुली मोठी होते, वाट आणखी बुजते. काही तासांत उपचार झाले नाहीत तर नजर कायमची जाऊ शकते. पन्नाशीनंतर नव्यानं डोकं दुखू लागलं, विंचरताना टाळू दुखली, भाकरी चावताना जबडा भरून आला, तर तिथंही दाखवायला थांबू नये.

मेडिकलमधून डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आणून महिन्याचे दहा-पंधरा दिवस खाल्ली, तर गोळीच डोकेदुखी लावू शकते. बाईंचं तसंच झालं होतं.

[दृश्य: तपासणीची खोली. डॉक्टर भिंगातून डोळ्यात बघताहेत.]

शरीर न कापता मज्जातंतूचं टोक उघड दिसतं, ते डोळ्याच्या तळाशी. फिकट, काठ रेखीव अशी चकती. मेंदूतला दाब वाढला तर हे काठ सुजून धूसर होतात. त्यासाठी डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, पण आधी डोळ्यातल्या पाण्याची वाट अरुंद नाही ना हे बघून. थेंबांचा असर काही तास राहतो. जवळचं पुसट दिसतं, ऊन डोळ्यात जातं. तपासणीला जाताना सोबत कुणीतरी न्यावं, येताना गाडी त्यानंच चालवावी. आणि माडीवरच्या कारागिरानं त्या दिवशी झाळकामाला बसू नये.