कढीपत्त्याच्या कुंडीतली मॅक्रो फोटोग्राफी

हा बघा, मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून बारीकसारीक टिपणाऱ्या लेन्सने काढलेला माझा पहिला फुलपाखराचा फोटो. डोळा धूसर, पंख धूसर, आणि शेजारचं पान मात्र एकदम शार्प! पानाचा फोटो म्हणून उत्तम आहे.

त्या दिवशी अख्खी सकाळ मी गवतातून रांगत होते. आता नाही रांगत. आता मी घरच्या कढीपत्त्याच्या कुंडीपाशी बसून राहते.

पावसाळ्यात कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की आपण वैतागतो. फवारू नका, आधी नीट बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतंय ना? ती बहुतेक लाइम बटरफ्लायची नाहीतर कॉमन मॉर्मनची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते. दोन डहाळ्या जातील, जाऊ द्या, फोडणीपुरती पानं उरतात. दारात लिंबाचं झाड असेल तर ब्लू मॉर्मनसुद्धा येईल, २०१५पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू.

मग कोश. कमरेला रेशमाचा धागा बांधून डहाळीला टेकलेला. आठवडा-दहा दिवसांत तो काळपट पडतो, आतली पंखांची नक्षी दिसू लागते. त्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची. फुलपाखरू बहुतेक सकाळी बाहेर येतं, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. ते ताठ होऊन वाळेपर्यंत त्याला उडता येत नाही. रानात कुठलं फुलपाखरू तुम्हाला इतका वेळ देतं? फक्त हात लावू नका, डहाळीही वळवू नका. ओला पंख वाकडा वाळला की वाकडाच राहतो.

आता लेन्स. १:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते. ते म्हटलं की सगळे पार नाकाला नाक लावायला जातात. कॅमेऱ्यातला, फोटो टिपणारा फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, आणि लाइम बटरफ्लाय पंख पसरल्यावर ८ ते १० सेंटिमीटर. मावणार कसं? अख्खं हवं असेल तर मागे सरका. १:१ ठेवा डोळ्यासाठी, गुंडाळलेल्या सोंडेसाठी, पंखांवरच्या खवल्यांसाठी.

आणि तिथे एफ/८ला (एफचा आकडा मोठा, तर लेन्सचं छिद्र लहान) शार्प काय येतं, तर जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून हे बघा: हा तळहात म्हणजे मिटलेले पंख, हा मोबाईल म्हणजे कॅमेरा. असा तिरका धरला तर बोटं गेली. असा समोरासमोर धरला की सगळा हात शार्प. माझ्या पहिल्या फोटोत नेमकं हेच चुकलं होतं, आणि मी मात्र वर्षभर लेन्सला दोष देत होते.

मी एफ/११ ठेवते. एफ/२२वर जाऊ नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि फोटो मऊ पडतो. शटर १/२५० सेकंद, कारण बाल्कनीत वारा असतोच. ऑटोफोकस बंद, लेन्सची फोकस रिंग एका जागी ठेवून आपणच केसभर पुढे-मागे झुलायचं. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की झालं.

थोड्या वेळाने फुलपाखरू तांबूस थेंब टाकतं आणि पंख उघडमीट करायला लागतं. म्हणजे आता निघणार. उघड्या पंखांचा फोटो वरून घ्यावा लागतो, त्यासाठी खुर्ची आधीच कुंडीशेजारी आणून ठेवा. मी ती आणायला आत गेले होते.